परतीची खूण

केज येथील एका शाळेत सातवीच्या वर्गाच्या भिंतीवर बीड जिल्ह्याचा एक मोठा नकाशा टांगलेला होता. एरवी त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसे. परंतु त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मधली सुट्टी झाली की त्याच्याभोवती मुलामुलींची दाटी होऊ लागली. त्याला कारणही तसेच होते. गुरुजींनी वर्गाला सांगितले होते, "यंदाची सहल कोठे न्यावयाची, केव्हा न्यावयाची आणि कशी न्यावयाची हे तुम्हीच ठरवा. मी फक्त प्रश्न विचारीन."

त्या महिन्यात पावसाने केजच्या परिसरात नुसती झोड उठवली होती. खरे पाहता हा मुलूख पावसाला पारखा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीपाशी आपले बहुतेक पाणी रिते करतात आणि हलके होऊन पूर्वेकडे सरकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याच्या वाट्याला त्याचा जेमतेम आठवा हिस्सा येतो. राजस्थानातील जैसलमेरसारखे हे वाळवंट नव्हे. तथापि चैत्र-वैशाखात बालाघाटच्या डोंगरांवरील उघडे माळ, त्यांवरचे करपलेले गवत आणि कोरडे ठणठणीत ओढे पाहिले म्हणजे वाळवंट येथून फार दूर नसावे असेच पाहणाऱ्याला वाटते. पण कधी कधी पावसाळा सरता सरता बंगालच्या उपसागरावरून एखादे वादळ येते आणि महिन्याचा पाऊस दोनचार दिवसांत ओतून जाते. मग त्याच माळांवर हिरवा गालिचा पसरतो, तरवडाची पिवळी फुले उमलतात, आणि जेथे थेंबभर पाणी नव्हते तेथे कड्यांवरून शुभ्र धारा कोसळू लागतात. हे वैभव थोड्याच आठवड्यांचे असते. म्हणूनच मुलांना सहलीची घाई झाली होती.

नकाशापुढे उभे राहून प्रत्येक जण आपल्या आवडीच्या ठिकाणावर बोट ठेवी. कोणी म्हणे, पाटोदा तालुक्यातील सौताड्याला जाऊ. तेथे विंचरणा नदी उंच कड्यावरून खाली झेप घेते. कोणाला मन्मथस्वामींच्या समाधीचे कपिलधार पाहावयाचे होते. कोणी अंबाजोगाईचा आग्रह धरी. कारण तेथे योगेश्वरीचे मंदिर आहे, डोंगरात कोरलेली लेणी आहेत, आणि 'विवेकसिंधु' हा ग्रंथ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधीही आहे. अखेर बहुमत धारूरच्या बाजूने पडले. धारूर केजहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर. तेथवर एस.टी.ने जावयाचे, बालाघाटच्या माथ्यावरून पायी चालावयाचे, किल्ला पाहावयाचा आणि मग दरी उतरून, ओढा ओलांडून, पलीकडच्या कड्यावरचा धबधबा गाठावयाचा, असा बेत ठरला.

"ठिकाण ठरले," गुरुजी म्हणाले, "आता सहलीचा अभ्यास करा. पायांनी वाट चालण्यापूर्वी ती एकदा डोक्याने चालावी लागते."

वर्गाच्या चार तुकड्या झाल्या. एकीने वाटेची माहिती काढावयाची, दुसरीने किल्ल्याच्या इतिहासाची, तिसरीने शिदोरीची व औषधांची, आणि चौथीने पावसाची. मागच्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. म्हणून सर्व तुकड्यांनी जमविलेली माहिती सहलीच्या वहीत उतरवून घेण्याचे काम त्याच्याकडे आले.

इतिहासाच्या तुकडीने पहिली माहिती आणली. सोळाव्या शतकात आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने धारूरचा किल्ला बळकट बांधून काढला. निजामशाहीच्या तोंडावर उभारलेला हा किल्ला अहमदनगरकरांना सलू लागला. त्यांनी तो लढून घेतला आणि त्या झुंजीत किश्वरखान मारला गेला. पुढे १६३१ साली तो मोगलांच्या हाती पडला, आणि मोगल अमदानीत धारूरला फतेहाबाद हे नाव मिळाले.

गुरुजींनी विचारले, "किल्ला उंचावर आहे, जवळ मोठी नदी नाही. मग शत्रूने वेढा घातला तर आतील माणसे पाणी कोठून आणीत?"

मुले विचारात पडली. मग एक मुलगी म्हणाली, "आत हौद आणि तळी आहेत, गुरुजी. पावसाचे पाणी त्यांत साठवीत असतील."

"बरोबर. तेव्हा किल्ला पाहताना बुरूज मोजाल, तसे हौदही मोजा. कोरड्या मुलखात तटबंदीइतकेच महत्त्व पाण्याच्या साठ्याला असते."

वाटेच्या तुकडीने नकाशावर एक रेघ ओढली आणि एक गमतीची गोष्ट सांगितली. धारूर बालाघाटच्या माथ्यावर आहे. तेथून उत्तरेकडे घाट उतरला की पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी मांजरेकडे वाहते. मांजरा याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा वळसा घेऊन, कर्नाटक व तेलंगणातून फिरून, शेवटी गोदावरीलाच मिळते. म्हणजे डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब एकमेकांकडे पाठ फिरवतात आणि दूर जाऊन पुन्हा भेटतात. मागच्या बाकावरील मुलाने हे वाक्य वहीत लिहिताना त्याखाली एक रेघ ओढली.

पावसाच्या तुकडीचे काम सर्वांना सोपे वाटले होते. पण सर्वांत अधिक आकडेमोड तिलाच करावी लागली. गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण घातले: एक चौरस किलोमीटर माळावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकंदर किती पाणी पडले? मुलांनी गणित मांडले. एक चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्यांवर एक दशांश मीटर पाणी म्हणजे १ लाख घनमीटर. आणि एका घनमीटरात हजार लिटर. म्हणजे १० कोटी लिटर!

"आता आठवा," गुरुजी म्हणाले, "२०१६ सालच्या उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले. लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तर तुमच्या उत्तरातील पाण्याला अशा किती गाड्या लागतील?"

"दोनशे!" वर्ग एकदम ओरडला, आणि लगेच शांत झाला. एवढे पाणी एका लहानशा माळावर पडते आणि तरीही उन्हाळ्यात गाडीची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मुलांच्या मनाला लागून राहिली.

"हे पाणी जाते कोठे, गुरुजी?" एकाने विचारले.

"तेच तर सहलीला निघणाऱ्याने जाणून घ्यावयाचे," गुरुजी म्हणाले. "बालाघाटचा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. त्याचाच हा दगड. त्यावर मातीचा थर पातळ. पहिला पाऊस तो पिऊन घेतो. पण एकदा ती माती भिजून तुडुंब झाली की पुढचा सारा पाऊस उतारावरून धावत सुटतो. म्हणून येथील ओढे तासाभरात भरतात. २०२१ सालच्या सप्टेंबरात अशीच अतिवृष्टी झाली. पाच वर्षांपूर्वी कोरड्या पडलेल्या त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि मांजरेकाठची शेते पाण्याखाली गेली. एकच नदी, एकच धरण. पण एका वर्षी तहान आणि दुसऱ्या वर्षी पूर."

याच सुमारास पाऊस थांबला. निळे आभाळ दिसू लागले. मुलांना वाटले, आता अडचण ती कसली? येत्या रविवारीच निघावे. तेव्हा गुरुजींनी एका विद्यार्थिनीच्या आजोबांना वर्गात बोलावले. त्यांचे सारे आयुष्य डोंगराच्या पायथ्याशी शेती करण्यात गेले होते. डोक्यावरचे मुंडासे सावरीत ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोरांनो, आभाळ मोकळं झालं म्हणजे ओढा मोकळा झाला, असं समजू नका. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या अंगाला दोन कोसांवर पाऊस पडत असतो. ते पाणी चालत येतं. ते येतं तेव्हा आपल्याला विचारून येत नाही."

"मग ते येत आहे हे ओळखावयाचे कसे, आजोबा?"

"ओढाच सांगतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा आणि फेस वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की पाय मागे घ्यायचा. आणि गुडघाभर पाणी म्हणून हसायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याला धरतं आणि माणसाला पाडतं. खालचा धोंडा शेवाळलेला असला तर घोटाभर पाणीही पुरतं."

गुरुजींनी पुस्ती जोडली, "दीड-दोन फूट खोल वाहत्या पाण्यात मोटारगाडीदेखील रस्ता सोडून वाहत जाते. पाणी रस्त्यावरून किंवा फरशीवरून वाहत असेल, तर खालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे हेही वरून कळत नाही."

आजोबांचे बोलणे ऐकून वर्गाचे मत बदलले. काळी माती ओली असताना पाय ठरत नाही. भिजलेल्या जुन्या तटाचे दगड ढिले झालेले असतात. बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडलेले असतात. सहल तीन आठवडे पुढे ढकलावी, असा ठराव वर्गनायिकेने मांडला. सर्वांचे हात वर झाले. फक्त मागच्या बाकावर तीन हात खालीच राहिले.

गुरुजींनी विचारले, "तुमचे मत काय?"

मोत्यासारखे अक्षर असलेला मुलगा उभा राहिला. तो हळूच म्हणाला, "तीन आठवड्यांनी दसरा होऊन जाईल, गुरुजी. मग आम्ही येथे नसू."

वर्गात एकदम शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक होता. केज, धारूर आणि भोवतालच्या गावांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहावयाचे, पहाटे उठून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, असे त्यांचे पाच-सहा महिने जातात. काही मुले मागे राहून हंगामी वसतिगृहात शिकतात. पण ज्यांच्या घरी धाकटी भावंडे सांभाळावयास दुसरे कोणी नसते, त्यांना आईबापांबरोबर जावेच लागते. त्या तिघांचे तसेच होते.

आता मात्र मोठा पेच पडला. लवकर जावे तर ओढ्याचे भय. उशिरा जावे तर आपलेच तीन सोबती वगळले जाणार. कोणी म्हणाला, धोका पत्करू. कोणी म्हणाला, सहलच रद्द करू. गुरुजी काही बोलेनात. अखेर वर्गनायिका फळ्याजवळ गेली आणि तिने सहलीचे दोन भाग करून लिहिले. एक : धारूर गाव, माथ्यावरची वाट आणि किल्ला. दोन : दरी, ओढा आणि धबधबा.

"पहिल्या भागात ओढा कोठेच आडवा येत नाही," ती म्हणाली. "तो भाग दहा दिवसांनी, दसऱ्यापूर्वी, करता येईल. दुसरा भाग ओढ्याजवळ पोहोचल्यावर ठरवावा. पण काय पाहून ठरवावयाचे, ते मात्र येथेच, आताच ठरले पाहिजे."

"तेथे जाऊन का ठरवू नये?" एकाने विचारले.

"कारण तेथे धबधबा समोर दिसत असेल," ती म्हणाली, "आणि मग आपल्याला पाणी कमीच वाटू लागेल."

गुरुजींच्या मुद्रेवर समाधान दिसले. पुढच्या शनिवारी ते स्वतः आजोबांना बरोबर घेऊन वाट पाहून आले. ओढा जेथे ओलांडावयाचा तेथे पात्राच्या मधोमध एक मोठा काळा धोंडा होता. त्यावरून वहीत तीन अटी लिहिल्या गेल्या : काळा धोंडा पूर्ण उघडा असावा; पाण्याचा तळ स्वच्छ दिसावा; आणि वरच्या अंगाला आभाळात ढग नसावेत. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'तिन्ही असतील तरच पुढे. एक जरी नसेल तर परत.'

इतर तयारीही अशीच चोख झाली. प्रत्येकाजवळ भाकरी-चटणी, भुईमुगाच्या शेंगा आणि पिण्याचे पाणी. कारण ओढ्याला पाणी पुष्कळ असले तरी गढूळ पाणी पिण्याजोगे नसते. पायांत घट्ट बसणारे बूट. वाटेवर टेकण्यासाठी काठी. जखमेचे औषध व पट्ट्या. गुरुजींच्या भ्रमणध्वनीवर हवामान खात्याचा इशारा रोज सकाळी पाहिला जाई. विजा कडाडू लागल्या तर एकट्या उंच झाडाखाली उभे राहावयाचे नाही, हेही वहीत नोंदले होते. मुले कोणत्या वाटेने जाणार व किती वाजता परतणार, हे लिहिलेला कागद शाळेत ठेवला गेला, म्हणजे उशीर झाल्यास शोध कोठे घ्यावयाचा हे मागच्यांना कळावे.

ठरलेल्या रविवारी एस.टी. निघाली तेव्हा मुले गाणी म्हणत होती. पण थोड्या वेळाने गाणी आपोआप थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेते होती. काही शेतांत अजून पाणी साचलेले होते, आणि काढणीला आलेले पीक काळे पडून आडवे झाले होते. एक शेतकरी नि त्याची बायको चिखलातून झाडे उपटून बांधावर पसरीत होती. ज्या पावसाने डोंगर हिरवा केला, त्यानेच रानातील पीक कुजवले होते. खिडकीतून डोंगराकडे पाहणारे डोळे आता शेताकडेही वळू लागले.

धारूरचा किल्ला पाहून मुले हरखून गेली. तीन अंगांना खोल दरी आणि चौथ्या अंगाला खंदक. त्यामुळे शत्रूला वाट अशी एकच. मुलांनी बुरूज पाहिले, खंदकाची खोली डोळ्यांनी मापली, आणि हौदांत साठलेले पावसाचे पाणी पाहून त्यांना गुरुजींच्या प्रश्नाची आठवण झाली. मात्र तटावर कोणी चढले नाही. माथ्यावरच्या वाटेवर सीताफळांची झाडे फळांनी लवली होती. बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे इतिहासाच्या तुकडीने मोठ्या अभिमानाने सांगितले. मध्येच कोठूनतरी मोराची केका ऐकू आली. त्या तीन मुलांपैकी एक मुलगी वाटेवर पडलेले मोरपीस उचलून कितीतरी वेळ न्याहाळीत होती.

दुपारी सर्व जण दरीच्या वाटेने सावधपणे ओढ्याच्या काठाजवळ आले. पलीकडे उंच कड्यावरून धबधबा कोसळत होता आणि त्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटले होते. आपसूकच सर्वांच्या नजरा काळ्या धोंड्याकडे गेल्या. धोंडा पूर्ण उघडा होता. आभाळही स्वच्छ होते. पण पाणी चहाच्या रंगाचे होते आणि तळ दिसत नव्हता.

"तीनपैकी दोन अटी जुळल्या!" एक दांडगा मुलगा म्हणाला. "पाणी घोट्याच्या वर नसेल. मी सर्वांच्या पुढे जातो."

मुले गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागली. गुरुजींनी वहीकडे बोट दाखविले. वही मागच्या बाकावरच्या मुलाच्या हातात होती. सर्वांना वाटले, हा आता काय म्हणणार? दुसऱ्यांना पुढच्या महिन्यात येता येईल. याला येता येणार नाही. तो काही क्षण धबधब्याकडे पाहत राहिला. मग त्याने वही उघडली आणि शांत आवाजात वाचले, "तिन्ही असतील तरच पुढे. एक जरी नसेल तर परत." वही मिटून तो म्हणाला, "हे मीच लिहिले आहे. परत फिरू या."

काठापासून दूर, उंचावरच्या एका सपाट जागी सर्वांनी शिदोऱ्या सोडल्या. तेथून धबधबा दिसत होता आणि काळा धोंडाही दिसत होता. मुले जेवता जेवता धोंड्याकडे लक्ष ठेवून होती. पाणी चार बोटे चढले, थोडा वेळ तसेच राहिले आणि पुन्हा उतरले. पूर काही आला नाही.

परतीच्या वाटेवर तो दांडगा मुलगा खट्टू होऊन म्हणाला, "पाहिलेत ना, गुरुजी? पाणी वाढले नाहीच. आपण उगीच परत फिरलो."

गुरुजी म्हणाले, "छत्री घेऊन घराबाहेर पडलो आणि पाऊस आला नाही, म्हणून छत्री घेणे चुकले असे आपण म्हणतो काय? निर्णय घेताना आपल्यापुढे जेवढ्या खुणा असतात, तेवढ्यांवरूनच तो बरोबर की चूक हे ठरते. तळ दिसत नव्हता. खाली काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही त्यावर चाळीस मुलांचे पाय ठेवावयाचे नसतात."

दसरा झाला. एका पहाटे ती तिन्ही मुले आपापल्या कुटुंबांबरोबर ऊसतोडीला निघून गेली. जाण्यापूर्वी त्या मुलाने सहलीची वही शाळेत आणून दिली. तिचे शेवटचे पान त्याने कोरे ठेवले होते. वर फक्त 'भाग दुसरा' एवढेच लिहिले होते. वर्गाने एकमताने ठरविले की ते पान त्याच्याशिवाय कोणी भरावयाचे नाही.

एप्रिल उजाडला. कारखान्यांचे हंगाम संपले आणि ती मुले उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी वर्गात परतली. त्याच महिन्यात एका सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, वर्ग पुन्हा त्याच दरीत उतरला. या वेळी ओढ्याचे भय नव्हते. भय होते तहानेचे. म्हणून प्रत्येकाजवळ दुप्पट पाणी होते, डोक्याला रुमाल होता, आणि दहा वाजण्यापूर्वी परत फिरावयाचे असे वहीत लिहिले होते. वाट तीच, पण ऋतू बदलला आणि तयारीही बदलली.

ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. धबधब्याच्या जागी काळ्या कड्यावर नुसती एक फिकट रेघ राहिली होती. मुले पात्रात उतरून काळ्या धोंड्यापाशी गेली आणि थबकली. जेथून ओलांडावयाचे ठरले होते, तेथे धोंड्याच्या अलीकडेच कमरेइतका खोल खळगा होता. गढूळ पाण्याखाली तो कोणालाही दिसला नसता. इतक्यात मोरपीस सापडलेल्या मुलीने वर बोट दाखविले. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत, गुरुजींच्या डोक्याहूनही उंच, वाळलेले गवत, काटक्या आणि एक फाटके पोते अडकून राहिले होते.

"हे वर कोणी ठेवले?" एका मुलाने विचारले, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर उमगले.

"ही खूण त्या रविवारची नव्हे," गुरुजी म्हणाले. "त्यापूर्वीच्या मोठ्या पावसाची आहे. त्या दिवसांत येथे पाणी तेथवर चढले होते."

तो दांडगा मुलगा खळग्याच्या कडेला उभा राहून बराच वेळ खाली पाहत होता. मग त्याने आपली काठी खळग्यात उभी केली, पाणी कोठवर आले असते त्या जागी अंगठ्याने खूण केली, आणि काही न बोलता ती काठी वही सांभाळणाऱ्या मुलाच्या हाती दिली. त्याने खूण मोजली. मग तो काळ्या धोंड्यावर बसला आणि कोऱ्या पानावर लिहू लागला.

अभ्यास

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बीड जिल्ह्यात पाऊस कमी का पडतो?
(आ) बालाघाटातील ओढे लवकर का भरतात?
(इ) मागच्या बाकावरील तीन हात खाली का राहिले?
(ई) एस.टी.तील मुलांची गाणी कशामुळे थांबली?

२. कारणे सांगा.
(अ) ओढा ओलांडण्याच्या अटी शाळेतच ठरविल्या.
(आ) सहलीच्या वाटेचा कागद शाळेत ठेवला.
(इ) वहीचे शेवटचे पान कोरे राहिले.

३. 'पूर आला नाही, तरी परत फिरणे योग्यच होते.' हे विधान पाठाच्या आधारे दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पारखा असणे, झोड उठवणे, पेच पडणे, पुस्ती जोडणे, हरखून जाणे, खट्टू होणे.

५. तुमच्या शाळेच्या छपराची लांबी व रुंदी मोजा. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमेल, हे गणिताने काढा.

६. तुमच्या गावाजवळील एखाद्या ओढ्याला किंवा नदीला पूर्वी आलेल्या पुराची खूण कोठे आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा व त्याची नोंद वहीत करा.